आधी लस, मग ॲप्रन

मेडिकलला किंवा नर्सिंगला ॲडमिशन घेताना काय काय कागद लागतात, ते पोरांच्या आईबापांना विचारा. जातवैधता, अधिवास, गॅप सर्टिफिकेट, वर प्रत्येकाच्या झेरॉक्स. एक शिक्का राहिला की पुन्हा सेतूच्या रांगेत. पण गोवर-गालगुंडाच्या लसीचे दोन डोस झालेत का, हे कुणी विचारलं? लहानपणीचं लसीचं कार्ड किती कॉलेजांनी मागितलं?

सकाळी छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाच्या बालरोग ओपीडीत जाऊन बघा. जालना, बीड, परभणीहून आलेल्या आया, कडेवर तापानं फणफणलेलं लेकरू. वजन घ्यायला, थर्मामीटर लावायला पुढे असते ती नर्सिंगची कोवळी पोर. शेजारी इंटर्न टॉर्च मारून लेकराच्या गालाच्या आत बघतो. दाढांसमोर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो गोवर. अंगावर पुरळ यायच्या आधीच तो तिथे ओळखता येतो. लेकरू खोकतं ते थेट इंटर्नच्या तोंडावर. गोवराचा विषाणू बंद खोलीच्या हवेत २ तासांपर्यंत टिकतो. जवळ आलेल्या, संरक्षण नसलेल्या १० माणसांतल्या ९ जणांना गाठतो. आणि पुरळ उठायच्या ४ दिवस आधीपासून पसरतो. केसपेपरवर ‘गोवर’ लिहीपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

‘लहानपणी दिली असेल की’ हे उत्तर मला चालत नाही. सरकारी कार्यक्रमात गोवराची लस १९८५ला आली. कित्येक वर्षं एकच डोस होता, नवव्या महिन्यातला, आणि त्या वयात १०० बाळांपैकी साधारण १५ जणांना तो लागू पडत नाही. दुसरा डोस २०१० नंतरचा. नोव्हेंबर २०१८मध्ये महाराष्ट्रात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम निघाली, ती १५ वर्षांच्या आतल्यांसाठी. तेव्हा अकरावी-बारावीत असलेली मुलं त्यातून सुटली. आज तीच वॉर्डात रात्रपाळी करतात.

गालगुंडाची लस तर सरकारी लसीकरणात नाहीच. बालरोगतज्ज्ञांची संघटना गोवर-गालगुंड-रुबेलाची एकत्र लस, एमएमआर, द्या म्हणते, पुण्याची सीरम ती बनवते, पण मिळते ती खासगी दवाखान्यात पैसे मोजणाऱ्याला. सिल्लोड-कन्नडकडून झेडपीच्या शाळेत शिकून नीट पास झालेल्या पोराला ती कुणी दिली असेल? वयात आलेल्या मुलाला गालगुंड झालं तर अंडकोषाला सूज येऊ शकते, क्वचित कान कायमचा जातो. आणि हॉस्टेल, मेस, लेक्चर हॉल एकच.

मला त्याहून जास्त धास्ती आहे ती रुग्णांची. लसीचं वय न झालेलं ६ महिन्यांचं बाळ त्याच वॉर्डात असतं. इथल्या शासकीय कर्करोग रुग्णालयात केमोथेरपी चालू असलेले रुग्ण असतात. त्यांना ही जिवंत विषाणूची लस देताच येत नाही. भोवतालची माणसं सुरक्षित असणं, एवढाच त्यांचा आधार. २०२२च्या शेवटी गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली, लेकरं दगावली. त्यानंतर तरी विद्यार्थ्यांच्या लसीची चौकशी दरवर्षी, प्रत्येक कॉलेजात व्हायला हवी होती.

उपाय अवघड नाही. रक्ताच्या महागड्या तपासण्या नकोत. कार्ड सापडलं नाही तर सरळ लस द्या. आधी घेतलेली असली तरी आणखी एका डोसानं अपाय होत नाही. २ डोस, मध्ये २८ दिवस. गरोदरपणात ही लस चालत नाही, म्हणून मुलींना प्रवेशाच्या वेळीच दिलेली बरी. खर्च संस्थेचा, विद्यार्थ्याच्या खिशाला हात लावायचा नाही. अधिष्ठात्यांनी आणि नर्सिंगच्या प्राचार्यांनी पहिल्या पोस्टिंगच्या यादीवर सही करण्याआधी प्रत्येक नावापुढे दोन तारखा मागाव्यात. ज्या नावापुढे त्या नसतील, त्याला बालरोग वॉर्डात पाठवू नये.