सेट फोडावा की पाळावा?

आधी व्याख्या करून घेऊ. मराठीत ड्रेस म्हणजे फ्रॉक नव्हे आणि गाऊन तर नव्हेच. (गाऊन हा आपल्याकडे दूधवाल्याला दार उघडताना घालायचा, आणि वर ओढणी टाकली की किराणा दुकानापर्यंत चालणारा पोशाख आहे.) ड्रेस म्हणजे कुर्ता, सलवार आणि ओढणी. एकाच घराण्यातले तीन जीव. दुकानदार त्याला सेट म्हणतो. त्यातली नुसती ओढणी मागितली, तर ‘सेट फोडत नाही आम्ही, ताई’ असं ऐकवतो. हा कायदा त्याच्या पायरीपर्यंतच लागू असतो. घरी आल्यावर सेट फुटतोच. तो आपल्या हाताने फोडायचा की आपोआप फुटेपर्यंत थांबायचं, एवढाच निर्णय बाईच्या हाती उरतो. प्रस्तुत मार्गदर्शन त्यासाठी.

सेटचा मोठा गुण असा की, त्यात आपली जबाबदारी शून्य. खालचा रंग वरच्याशी का जात नाही, हे विचारायचंच असेल तर कापड छापणाऱ्याला विचारा. म्हणून घाईच्या वेळी, पालकसभेला आणि सासरच्या कार्यात सेटच घालावा. अशा ठिकाणी ‘हे तू स्वतः जुळवलंस का गं?’ असा प्रश्न येतो, आणि तो कौतुकाचा नसतो.

आता सेट फुटतो कसा ते पाहू. ड्रेस मटेरियलमध्ये साधारण अडीच मीटर कुर्त्याला, तितकंच किंवा थोडं कमी सलवारीला आणि सव्वादोन-अडीच मीटरची ओढणी असते. तिघांचं आयुर्मान मात्र सारखं नसतं. कुर्ता आधी जातो. काखेत विटतो, पोटावर आमटी झेलतो, आणि सुती असला तर पहिल्याच धुण्यात दोन बोटं आखडतो. सलवार नाडी हरवेपर्यंत टिकते. ओढणी अमर असते, कारण तिचं अर्धं आयुष्य दाराच्या मागच्या खुंटीवर जातं. पाच-सहा वर्षांत कपाटात ओढण्यांचा अनाथाश्रम तयार होतो, आणि त्यालाच पुढे मिक्स अँड मॅच असं भारदस्त नाव मिळतं.

या शाखेचं गणित मोहक आहे. सहा कुर्ते, पाच खालचे प्रकार (सलवार, चुडीदार, पलाझो, सिगारेट पँट, लेगिंग्ज) आणि चार ओढण्या असल्या, की सहा गुणिले पाच गुणिले चार, म्हणजे १२० पोशाख. चार महिने तोच पोशाख पुन्हा नाही! आता वजाबाकी करावी. तीन कुर्ते काळ्या लेगिंग्जशिवाय कशावरच जात नाहीत. पलाझोवर आखूड कुर्ता घातला की तंबूला कनात लावल्यासारखं दिसतं. एक ओढणी रंग सोडते. एक सलवार ‘बारीक झाल्यावर’ या कप्प्यात आहे. शिल्लक चार. त्यातला एक काल घातला होता.

काळ्या लेगिंग्जबद्दल दोन शब्द कृतज्ञतेचे. पूर्वी पायाला घट्ट बसणारं काही हवं, तर चुडीदार उरेब कापावी लागे. त्याला कापड जास्त लागे, आणि पाऊल आत सरकायला पायावर प्लॅस्टिकची पिशवी चढवावी लागे. (ज्यांनी हे केलेलं नाही त्यांनी हसू नये.) १९५८ मध्ये अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स यांनी ताणला जाणारा धागा तयार केला. त्याचं लायक्रा झालं, आणि काही दशकांनी आपल्या पायावरची पिशवी सुटली. शिव्हर्स यांना याची कल्पना असेल असं वाटत नाही.

यानंतरचा टप्पा मॅचिंग सेंटरचा. इथे जाताना कुर्ता सोबत न्यावा. ‘लक्षात आहे मला रंग’ म्हणून गेलेली बाई कायम जांभळा समजून वांगी रंग घेऊन येते. काउंटरवर ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग पक्का धरू नये. दोन कापडांचे रंग वेगवेगळ्या द्रव्यांनी बनलेले असले, तर एका उजेडात जुळे दिसतात आणि दुसऱ्यात एकमेकांना ओळखत नाहीत. म्हणूनच दुकानातला मुलगा ‘बाहेर उजेडात बघा, ताई’ म्हणतो. तो शास्त्र सांगत असतो, आपल्याला कटवत नसतो. ओढणी रंगवून घ्यायची झाल्यास ती सुती किंवा रेशमी असावी. पॉलिस्टरला रंग चढवायला १३० अंशांच्या आसपास, दाबाखाली उकळावं लागतं, आणि तो उपद्व्याप घरच्या पातेल्यात होत नाही. मी करून पाहिला आहे. पातेलं गुलाबी झालं.

पांढऱ्याच्या भरवशावर राहू नये. नीळ घातलेली सलवार निळसर पांढरी, न घातलेली पिवळसर पांढरी आणि नवा कुर्ता ‘ऑफ व्हाइट’. तीन पांढऱ्या गोष्टी एकत्र घातल्या की तिन्ही मळक्या वाटतात. त्यापेक्षा अजरख बरं. कच्छमधली ही छपाई मुख्यतः नीळ, मंजिष्ठा आणि लोखंडाचा काळा यांच्यावर चालते. त्यामुळे तीन वर्षांच्या अंतराने घेतलेला कुर्ता आणि ओढणीही सख्ख्या निघतात. माझ्या मते सेट फोडायचाच, तर अजरखच्या जिवावर फोडावा.

दोन्ही पंथांची खरी परीक्षा नवरात्रात होते. पहिले सात रंग वारावर ठरतात: रविवारी केशरी, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी गडद निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी. घटस्थापना कोणत्याही वारी येवो, हे सात चुकत नाहीत. उरलेले दिवस जांभळा, गुलाबी, मोरपंखी आपसात वाटून घेतात. सेटवाल्या बायकांकडे नऊ दिवसांना पुरतील असे नऊ सेट नसतात. मिक्सवाल्या काळ्यावर नऊ ओढण्या फिरवतात आणि लोकलच्या लेडीज डब्यातल्या फोटोत पुढे उभ्या राहतात. राखाडीच्या दिवशी मात्र दोन्ही पंथ शेजारणीकडे जातात.

पुण्याच्या वाचकांसाठी वेगळी तरतूद आहे. चाळीस मिनिटं कपाटासमोर घालवून जे काही जुळवाल, त्यावर दुचाकीवर बसण्यापूर्वी पांढरा सनकोट चढणार, हातात कोपरापर्यंत मोजे येणार, आणि जुळवलेली ओढणी तोंडाला बांधली जाणार. ती तोंडावरची ओढणी सलवारीशी जुळते का, हे सिग्नलला थांबलेलं कोणीही पाहत नाही. तेव्हा पुणेकर भगिनींनी काहीही घालावं. फक्त ऑफिसात पोचल्यावर काय निघणार आहे, ते लक्षात ठेवावं.

शेवटी एक खासगी सूचना. माझा एकच सेट मी आजवर अभंग राखला होता, मोरपंखी, चंदेरी काठांचा. एका नवरात्रात एका मावसबहिणीला फक्त त्या दिवसापुरती, फक्त ओढणी दिली. ती नंतर तिच्या जावेकडे आणि तिथून जावेच्या ऑफिसातल्या कोणाकडे गेल्याचं कळतं. ज्या कोणाकडे असेल तिने ती परत करावी. विटली असली तरी चालेल. कुर्ता अजून धड आहे, आणि सलवारीची नाडीही सापडली आहे.