गुलाबी थंडीची तयारी

अलास्का हायवेवरून आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, सुखरूप परत आणली की माणसाची चाल बदलते. माझी तर साफ बदलली होती. डॉसन क्रीकच्या 'माइल झीरो' खांबाला टेकून काढलेला फोटो पुण्याच्या सगळ्या ग्रुपांवर टाकला. खाली लिहिलं, 'हा रस्ता १९४२ साली अमेरिकन लष्कराने बांधला. ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही.' डिस्ट्रक्शन बे नावाच्या गावापुढे, जिथे खालची गोठलेली जमीन वितळून डांबराच्या लाटा झाल्यात, तिथे चिवड्याचा डबा छताला लागून आमच्या डोक्यावर रिकामा झाला, हे मात्र लिहिलं नाही.

एडमंटनला घरासमोर गाडी उभी केली. आता तिला हिवाळ्यासाठी निजवायचं. इथे पारा उणे तीसला सहज जातो. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि नळ्या फोडतं. म्हणून टाक्या, गीझर सगळं रिकामं करायचं, बॅटरी काढून तळघरात ठेवायची, उंदरांसाठी चिवड्याचा कणही मागे ठेवायचा नाही (हे काम बायकोने केलं, म्हणून नीट झालं) आणि शेवटी नळ्यांतून गुलाबी अँटीफ्रीझ फिरवायचं. नळातून गुलाबी आलं की नळ बंद. एवढं सोपं.

पंप लावून मी नळ उघडला. नळ खाकरला, थुंकला, गप्प झाला. पहिला कॅन संपला, दुसराही संपला. गुलाबीचा पत्ता नाही.

"अहो, जातंय कुठे ते?" पायरीवर चहा पीत बायकोने विचारलं.

"नळ्या लांब आहेत," मी म्हणालो. गाडी आठ मीटरची.

दुकानात जाऊन आणखी कॅन आणले. तेही गाडीने गिळले. तेवढ्यात शेजारचे सरदारजी कुंपणाशी आले. आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस. जरा वेळ बघून म्हणाले, "भाईसाब, बायपास किया?"

"नहीं जी," मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "सिर्फ अँजिओप्लास्टी."

ते गीझरबद्दल विचारत होते. गीझरच्या मागे एक बायपास व्हॉल्व्ह असतो. तो फिरवला नाही, तर अँटीफ्रीझ नळांकडे जाण्याआधी गीझर भरत बसतं. आमचा गीझर सहा गॅलनचा. माहितीपुस्तकात चित्रासकट दिलंय, असं बायकोने चष्मा लावून वाचून दाखवलं.

म्हटलं, काढू परत, त्यात काय! पाना घेतला आणि गीझरचं बूच फिरवायला लागलो. "पहले प्रेशर..." सरदारजी ओरडले. पुढचं ऐकू आलं नाही. बूच छातीवर बसलं, अँजिओप्लास्टीच्या बाजूलाच, आणि पाठोपाठ सगळं अँटीफ्रीझ तोंडावर. सप्टेंबरात माझी रंगपंचमी झाली. हे अँटीफ्रीझ विषारी नसतं असं कॅनवर लिहिलेलं होतं. चव मात्र कोणी छापत नाही. बायकोने बागेच्या नळाला पाइप लावून मला तिथेच अंगणात धुतलं. सरदारजींनी मग दहा मिनिटांत सगळं काम उरकलं. दुसऱ्या दिवशी गाडी गावाबाहेरच्या यार्डात नेऊन ठेवली.

मे महिन्यात यार्डातून गाडी आणली. आतली एकही नळी फुटलेली नव्हती. गाडी धुवायची म्हणून बागेचा नळ सोडला, तर पाइपातून धारच येईना. हा पाइप थंडीआधी काढायचा असतो, नाहीतर नळात पाणी अडकून गोठतं. तो मात्र मला धुतल्यापासून तिथेच होता. मी नळ आणखी सोडला. आतून बायको ओरडली, "अहो, तळघरात पाणी! तुमची बॅटरी भिजतेय!"