माझं चित्र कोण बघणार?

भाचीने डिजिटल पेंटिंगचा लाइव्ह ऑनलाइन क्लास पूर्ण केला. तीन महिने, आठवड्यातून दोन संध्याकाळी, दीड-दीड तास, सांगलीतल्या घरी बसून. फी १८,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,२४०. शेवटी प्रमाणपत्र आलं. मी तिला एवढंच विचारलं, "तुझी चित्रं सरांनी बघितली का गं?"

"मामा, अकरा अपलोड केली होती. दोनांवर अंगठा आला."

बॅचमध्ये साठ मुलं होती. नव्वद मिनिटांच्या तासाला साठने भागा. सरांनी काहीही न शिकवता फक्त चित्रंच बघितली असती, तरी एकेकाच्या वाट्याला दीड मिनिट आलं असतं. प्रत्यक्षात सर ऐंशी मिनिटं स्वतःच्या स्क्रीनवर चित्र काढत होते आणि उरलेल्या दहा मिनिटांत चॅटमधले प्रश्न वाचत होते. हे शिकवणं नव्हे. हा चित्रकलेचा कार्यक्रम झाला, आणि असे कार्यक्रम यूट्यूबवर फुकट आहेत. तिथे निदान थांबवून, मागे जाऊन पुन्हा बघता येतं.

लेअर म्हणजे काय, मल्टिप्लाय मोड सावलीसाठी का वापरतात, ब्रशचा दाब कुठे बदलायचा, हे सगळं रेकॉर्ड केलेल्या धड्यातूनच नीट कळतं. कारण ते दहादा बघावं लागतं. त्यासाठी ठरावीक वेळेला लॉगिन करून बसायचं काही कारण नाही. लाइव्ह क्लासला पैसे मोजायचे ते एकाच गोष्टीसाठी: जाणत्या माणसाची नजर आपल्या रेषेवर पडावी म्हणून.

मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ सालचं. तिथे काय किंवा गावातल्या एखाद्या ड्रॉइंगच्या सरांकडे काय, चित्रकला शिकवायची खरी रीत एकच आहे. सर मागे येऊन उभे राहतात, थोडा वेळ काही बोलत नाहीत, मग तुमच्या हातातली पेन्सिल घेतात आणि कागदाच्या कोपऱ्यात मनगट काढून दाखवतात. आयुष्यभर ते मनगट विसरत नाही. माझ्या एलिमेंटरीच्या सरांनी वस्तुचित्रातल्या तांब्याचं तोंड असंच एकदा दुरुस्त केलं होतं. त्यानंतर लंबवर्तुळ माझ्या हातून चुकलं असेल, पण चुकलं की मला कळतं.

आणि हीच गोष्ट डिजिटलमध्ये जास्त चांगली करता येते. म्हणून तर मला संताप येतो. सरांनी मुलाची फाइल उघडायची, त्याचं चित्र फिकट करायचं, वर नवा लेअर घ्यायचा आणि लाल रेषेत दुरुस्ती करायची. लेअर बंद केला की मुलाचं चित्र, चालू केला की सरांची रेष. मूळ चित्राला धक्काही लागत नाही. ती फाइल मुलाकडे परत गेली की घरी शंभर वेळा बघता येते. कागदावर हे इतकं सहज कधी जमलं नव्हतं. इतकी मोठी सोय हाताशी असताना साठ मुलांना म्यूट करून ठेवायचं, हा शिक्षणाचा अपमान आहे.

रंगांचंही बोलायला हवं. स्क्रीन शेअर करताना चित्र व्हिडिओ होऊन, दाबून लहान करून येतं. सावलीतल्या बारीक छटा वाटेतच सपाट होतात. त्यात प्रत्येकाच्या मॉनिटरचा रंग वेगळा. सर म्हणतात, "इथला जांभळा बघा," आणि मुलाला तिथे राखाडी दिसतो. त्यामुळे तास संपल्यावर सरांची लेअरसकट फाइल मिळणार का, हे पैसे भरण्याआधीच विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर रंगाच्या नावाने त्या क्लासला जाऊ नका.

"आधी अमुक टॅब्लेट घ्या, तमुक सॉफ्टवेअरची वर्गणी भरा" हेही ऐकू नका. क्रिता फुकट आहे आणि चित्र काढण्यासाठी भक्कम आहे. ब्लेंडर फुकट आहे. 'फ्लो' हा लॅटव्हियाच्या दिग्दर्शकाचा, एका मांजराचा संवाद नसलेला सिनेमा ब्लेंडरमध्ये तयार झाला आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. सुरुवातीला बिनस्क्रीनचा साधा पेन टॅब्लेट पुरतो. हात टेबलावर आणि डोळे समोर, याची सवय व्हायला काही आठवडे लागतात. तोवर रेष भलतीकडे जाते, जाऊ द्यावी. त्याला रोजचा सराव हाच इलाज आहे, क्लास नाही.

क्लासवाले देतात त्या नोकरीच्या हमीबद्दल एकच वाक्य: स्टुडिओत पोर्टफोलिओ बघतात.

मग लाइव्ह क्लास लावायचा कुणी? ज्याच्याकडे स्वतःची वीस-तीस चित्रं आहेत आणि आपलं कुठे अडतंय हे ज्याला कळत नाही, त्याने. त्याने जरूर लावावा, पण सहा-आठ जणांचा. चित्र आदल्या दिवशी पाठवायचं आणि तासाला सगळ्यांसमोर त्याच्यावर बोलायचं, असा. दुसऱ्याच्या चित्रातली चूक बघताना आपली आधी दिसते, म्हणून हे सगळ्यांसमोर हवं. आणि शक्य असेल तर मराठीत. "पाठीला बाक कमी पडला" हे ज्या मुलीला मराठीत चटकन कळतं आणि विचारता येतं, ती इंग्रजी बॅचमध्ये तीन महिने गप्प बसते. माझी भाची गप्प बसली होती.

आता तिने सहा जणांची बॅच धरली आहे. बाई मराठीत शिकवतात, महिन्याला चारच तास घेतात. पहिल्या तासाला त्यांनी तिचं तांदूळ पाखडणाऱ्या आजीचं चित्र उघडलं. सूप सुंदर होतं, चेहरा सुंदर होता. बाई म्हणाल्या, "आजी बसलेली नाही गं. तरंगतेय. तिचं वजन कुठे आहे?" मग लाल रेषेने कंबर खाली ओढली, मांडी पसरवली, लुगड्याची घडी जमिनीवर जिथे दबते तिथे गडद सावलीची एक पट्टी दिली. तीन मिनिटं लागली असतील.

परवा भाचीने नवं चित्र पाठवलं. तीच आजी, तेच सूप. आजी जमिनीला टेकली आहे.