बिनशाईची धाकटी

परळी तालुका पर्जन्यछायेतला, त्यामुळे सिरसाळ्यात भूछत्रांचे लाड करावेत इतका ओलावा वर्षातून फार दिवस नसतो. पण श्रावणात झड लागली, की लिंबाच्या कुजक्या बुंध्याशी रातोरात छत्र्या उभ्या राहतात. त्या सगळ्यांना ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून आपण पुढे जातो. कुत्र्याला कोणी विचारत नाही.

कुजक्या लाकडावर वाढणाऱ्या अशा दोघी मात्र वाकून बघण्यासारख्या. दोघी कोप्रिनेलस वंशातल्या. थोरली मायकेशियस. बदामी टोपी, कोवळेपणी तिच्यावर अभ्रकासारखे चमचमणारे कण; जोराच्या पावसात हा सगळा नट्टापट्टा धुऊन जातो. वय झालं की ती स्वतःलाच पचवायला घेते. टोपीखालच्या पात्यांचे बीजाणू कडेकडून पिकत जातात, तशी ती कड विरघळते आणि वरच्या बीजाणूंना हवेत सुटायला वाट मिळते. खाली ठिबकते ती काळी शाई.

धाकटी डिसेमिनेटस. टोपी जेमतेम सेंटिमीटरभर, पण उगवणार शेकड्यांनी. ही शाई जवळजवळ गाळतच नाही. आहे तशी सुकते.

शाईवाल्यांच्या घरात बिनशाईची पोर म्हटल्यावर भावकी गप्प बसते होय? कुणी तिला सॅथिरेला वंशात ढकललं, कुणी तिच्यासाठी वेगळं खातं काढलं. २००१ साली डीएनएच्या आधारे फेरफार झाला. धाकटी थोरलीच्याच घरातली ठरली, आणि घराण्याची कर्ती म्हणून मिरवणारी केसाळ कोमेटसच परकी निघाली. तिचं नातं हॉटेलातल्या बटण मशरूमशी. पण घराण्याचं मूळ नाव तिच्याच नावावर चढलेलं! ‘कोप्रिनस’ घेऊन ती गेली, आणि उरलेल्यांना नवी आडनावं घ्यावी लागली. असे निकाल फक्त तहसिलीत लागतात, असा माझा समज होता.

धाकटीत नर-मादी असा भेद नाही. तिचे जोडीचे सुमारे १२३ प्रकार असावेत, असा एका अभ्यासाचा अंदाज. आपला प्रकार सोडला की बाकी कुणाशीही जमतं. सगोत्र तेवढं वर्ज्य. आमच्याकडे स्थळं बघून थकलेल्या आईबापांनी हे वाचू नये.

दिसल्या तर सकाळी बघा, थोरली फार काळ थांबत नाही. भाजी मात्र करू नका. ओळखण्यात चूक होऊन यांच्या नात्यातली अ‍ॅट्रामेंटारिया दारूसोबत पोटात गेली, की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते आणि उलट्या सुरू होतात.