रॉक, वरात आणि वरण-बट्टी

मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर 2023 च्या जानेवारीत ‘लोलापलूझा’ हा संगीत महोत्सव पहिल्यांदा भरला. न्यूयॉर्कचे इंडी रॉकवाले ‘द स्ट्रोक्स’ त्यात वाजवून गेले. तेव्हापासून पुढचा मोसम जवळ आला की चाळीसगावातली कॉलेजची पोरं तिकिटाचे भाव काढतात, रेल्वेच्या सव्वातीनशे किलोमीटरांचा हिशेब मांडतात आणि उघड्यावरचा शो आपल्या नशिबी नाही म्हणून उसासे टाकतात.

अरे भो, लग्नसराईत जरा दाराबाहेर येऊन बघा की! पिकअपवर रचलेले बेस, मागून धूर ओकत येणारा जनरेटर आणि साथीला अख्ख्या गल्लीच्या खिडक्यांची तावदानं. गाणी अहिराणी, बड्या कंपनीचा उंबरा न चढता, शेताच्या बांधावर चित्रीकरण उरकून यूट्यूबवर चढवलेली. इंडी म्हणजे आणखी काय असतं? रात्री दहानंतर भोंगे बंद, हा नियम 2000 सालचा आहे. तो मोडण्याचा रियाज मात्र आमच्या वरातींचा कोणत्याही रॉकवाल्यापेक्षा पक्का. प्रवेश फुकट, वर वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी.

मुंबईचं तिकीट काढण्याआधी एकदा पंगतीला बसून घ्या.