ओरिएंट एक्सप्रेस, व्हाया दारव्हा

माझ्याइतका अस्सल दारुडा यवतमाळ जिल्ह्यानं पाहिलेला नाही, आणि हे माझं मत नाही, मला लेखी मिळालेलं आहे. प्रमाणपत्रावर तसे शब्द नाहीत. ‘अभिनय, उत्तेजनार्थ’ एवढंच छापलंय. पण भूमिका ‘एकच प्याला’तल्या सुधाकराची होती, तेव्हा उत्तेजन कशाला मिळालं ते उघड आहे. हे प्रमाणपत्र आमच्या बैठकीत अशा बेतानं लावलंय की सोफ्यावर बसणाऱ्याची नजर तिकडे जातेच. नाही गेली तर मी काच पुसायला उठतो.

प्रत्यक्षात मी थेंब घेत नाही. रंगमंचावरची दारू म्हणजे बिनदुधाचा चहा. आमच्या हौशी संस्थेत तो सकाळीच करून ठेवत, त्यामुळे तिसऱ्या अंकापर्यंत त्याला अशी काही चव यायची की तोंड आपोआप वाकडं व्हायचं. परीक्षकांना तिथेच मी पटलो.

तर पुतण्याचा फोन आला. पोरगा पुण्यात नोकरीला, त्यामुळे लग्नात एक कार्यक्रम पुण्याचा असणारच होता. लग्नाच्या दोन दिवस आधी धामणगाव रोडवरच्या लॉनवर ‘इमर्सिव्ह थिएटर अँड कॉकटेल नाइट’.

“म्हंजे काय करतेत?” मी विचारलं.

“नाटकच असते, काका. पण स्टेज नसते. पाहुणे नाटकाच्या आतमंदीच रायतात. थीम हाये ओरिएंट एक्सप्रेस, एकोणीसशे वीसचा जमाना. डब्यात खून होते, कोणी केला ते आपण शोधाचं. हातात कॉकटेल.”

न्यूयॉर्कमध्ये म्हणे ‘स्लीप नो मोअर’ नावाचं असलं नाटक 2011 पासून 2025च्या जानेवारीपर्यंत चाललं. शेक्सपिअरचा मॅकबेथ, पण पाच-सहा मजली इमारतभर पसरलेला. प्रेक्षकांनी पांढरे मुखवटे घालून नटांच्या मागे जिने चढायचे. आमच्या संस्थेच्या प्रयोगाला प्रेक्षक जिना चढून बाल्कनीत जायचे ते खाली बसलेल्या नातेवाइकांनी ओळखू नये म्हणून. पण ते असो. मी एकच प्रश्न विचारला, “माझी भूमिका कोणती?”

“तुम्ही गेस्ट, काका.”

पोरगा लाजतोय, असं मी धरून चाललो. कपडे 1920 सालचे हवेत असं निमंत्रणावर होतं. नाटककार गडकरी 1919च्या जानेवारीत आपल्या सावनेरला वारले आणि ‘एकच प्याला’ पुढच्याच महिन्यात गंधर्व मंडळीनं रंगभूमीवर आणला. म्हणजे सुधाकराचा वकिली कोट या थीमला एका वर्षाच्या फरकानं लागू होता. फक्त बटणं लागत नव्हती. “उघडाच ठेवा,” बायको म्हणाली, “तसंही दारुड्याचाच आहे.”

आता इवायांचं सांगायला हवं. मुलीकडचे वर्धेचे. वर्धा जिल्हा गांधी-विनोबांचा, सत्तरच्या दशकापासून तिथे दारूबंदी. आमचा जिल्हा नदीच्या अल्याड, ओला. अशा घरच्या वऱ्हाडाला कॉकटेलचं निमंत्रण द्यायचं म्हणजे एकादशीला शेगाव कचोरीचा आग्रह करणं. तरी बस भरून पाहुणे आले. मुलीचे वडील गांधी टोपी घालून उतरले. मला सोडलं तर थीमप्रमाणे वेषात आलेले सबंध लॉनवर ते एकटेच, आणि त्यांना थीम माहीत नव्हती. पुतण्यानं एका दिवसाचे परवाने काढून ठेवले होते. आपल्या राज्यात 1949च्या कायद्यानं प्यायला परवाना लागतो आणि तो मिळतो प्रकृती टिकवण्यासाठी. वर्धेची काही तरुण मंडळी प्रकृतीच्या बाबतीत फार गंभीर निघाली.

दारात टोपीवाल्या टीसीनं प्रत्येकाला कार्ड दिलं. त्यावर तुमची भूमिका. इवायांना ‘निवृत्त कर्नल’. माझ्या बायकोला ‘रशियन राजकन्या’. माझ्या कार्डावर होतं: ‘प्रवासी (वयस्क)’.

मी ते उलटून पाहिलं. मागे कोरं होतं.

आत प्लायवूडचे डबे, पितळी रंग दिलेल्या प्लास्टिकच्या मुठी, लाल मखमल आणि एका यंत्रातून भसभस निघणारा पांढरा धूर. पोरीबाळी धुरात उभ्या राहून फोटो काढत होत्या. “अय्या, रिअल ट्रेनसारखं!” असं कोणीतरी म्हणालं आणि माझं डोकं फिरलं. कारण 1920 सालची गाडी आमच्या गावाला होती. प्लायवूडची नव्हे, लोखंडाची. तिचं स्टेशनही या लॉनपासून काही लांब नाही.

शकुंतलेबद्दल मी सुरू झालो की घरचे उठून जातात. तुम्हीही उतरू शकता. चालत्या शकुंतलेतून सगळे उतरायचेच. यवतमाळ ते मूर्तिजापूर, व्हाया दारव्हा-कारंजा, 113 किलोमीटर, दोन रुळांत अंतर अडीच फूट. किलिक निक्सन नावाच्या विलायती कंपनीनं हा मार्ग घातला तो वऱ्हाडच्या कापसावर डोळा ठेवून. कापूस इथून मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला, मुंबईहून बोटीनं मँचेस्टरला. त्याच मँचेस्टरात 1921 साली बांधलेलं एक वाफेचं इंजिन इकडे आलं आणि 1994च्या एप्रिलपर्यंत राबलं. राबलं म्हणजे खरोखर राबलं. त्याच्या ठिणग्यांनी पडलेली भोकं आजोबांच्या धोतराला होती आणि ती भोकं ते पाहुण्यांना दाखवायचे. (दाखवण्याची हौस आमच्या घराण्यात जुनी आहे.) सिग्नलच्या खांबांवर लिव्हरपूलचं नाव. देशातल्या रेल्वेगाड्या सरकारजमा झाल्या तेव्हा ही राहून गेली; रूळ कंपनीचे, गाडी सरकारची आणि उशीर आमचा. गार्डच खाली उतरून तिकिटं द्यायचा. त्यात मला कधी नवल वाटलं नाही, कारण आमच्या संस्थेतही नेपथ्य, प्रकाश आणि रामलाल एकच माणूस करायचा. गाडी इतक्या बेतानं चालायची की पुढच्या डब्यातून उतरून बोरं तोडावीत आणि मागच्या डब्यात चढावं. म्हातारी लांबून हात करत आली तर गाडी थांबायची. म्हातारीसोबत बकरी असली तर बकरी चढेपर्यंत थांबायची. कोण प्रवासी, कोण कर्मचारी आणि कोण नुसताच गप्पा मारायला आलेला, हे मूर्तिजापूरपर्यंत कळत नसे. आता याला पुण्याची माणसं इमर्सिव्ह म्हणतात आणि माणशी पैसे घेतात. शकुंतलेचं तिकीट बसच्या मानानं चिल्लर होतं, आणि तिच्यासाठी आज गळा काढणारे आम्ही सगळे तेव्हा एसटीनं जायचो.

गेल्या दशकात ती थांबली. रुंदीकरण होणार, असं सांगितलं गेलं. रुळांत आधी गवत रुंद झालं, मग बाभळी. मुंबईपर्यंत निवेदनं गेली, दिल्लीपर्यंत शिष्टमंडळं गेली. शकुंतला नाव ठेवल्यावर राजाकडून विसरलं जाणं आलंच. दरम्यान वर्धा-यवतमाळ-नांदेड अशी 284 किलोमीटरची नवी ब्रॉडगेज निघाली आणि 28 फेब्रुवारी 2024ला तिचा वर्धा ते कळंब तुकडा सुरू झाला. म्हणजे वर्धेहून निघालेली गाडी कळंबला चिंतामणीचं दर्शन घेऊन उभी राहिली. आमचे इवाई म्हणूनच बसनं आले.

हे सगळं मी टीसीला सांगितलं. तो बिचारा पुण्याचा नट. “सर, तुम्ही कॅरेक्टरमध्ये आहात का?” त्यानं अदबीनं विचारलं.

त्या प्रश्नानं मला वाट दिसली. ‘प्रवासी (वयस्क)’ काय! या डब्यात एक वकील चढू शकत होता, सनद गेलेला.

बारवर एक दाढीवाला पोरगा काचेच्या घुमटाखाली धूर कोंडून पेले देत होता. “हे आमचं सिग्नेचर, सर. मोहाच्या फुलांचं.” झरी-जामणीकडच्या कोलाम पोडावर उन्हाळ्याच्या तोंडाला बायका अंधारात उठून ही फुलं वेचतात. त्याच फुलांची घरी काढली तर पोलिस येतात. घुमटाखाली आली तर फोटोग्राफर येतो. मी कोकम सरबत मागितलं. ते त्यानं उंच दांडीच्या पेल्यात, कडेला मीठ लावून दिलं. रंग अगदी पाहिजे तसा.

पहिला घोट घेतला आणि मी सुधाकर झालो. प्लायवूडला खांदा लावला. जीभ जड केली. दारुडा वेडावाकडा चालतो असं नवशिके नट समजतात. खरा दारुडा सरळ चालण्याची पराकाष्ठा करतो, हे माझं संशोधन. ती पराकाष्ठा करत मी डब्याच्या या टोकाहून त्या टोकाला गेलो, एका डिटेक्टिव्हच्या गळ्यात पडलो, त्याला तळीराम म्हणून हाक मारली, आर्य मदिरा मंडळाची वर्गणी मागितली. डिटेक्टिव्ह गोंधळला. पाहुणे सरकून बसले. रशियन राजकन्येनं दुरून “अहो!” केलं, तिच्या पर्समध्ये नुकतीच विषाची बाटली सापडल्यामुळे तिचं कोणी ऐकत नव्हतं. मी बारवर परतून पेला आपटला, “आणखी एक!”

दाढीवाल्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग मागे वळून हलक्या आवाजात म्हणाला, “काकांना आता पाणीच द्या. आणि कोणीतरी घरी सोडा.”

त्यानंच ओतलेलं सरबत, आणि त्यालाच पटेना! माझ्या आयुष्यात यापेक्षा मोठा अभिप्राय मिळालेला नाही. त्याची सही घेऊन तो फ्रेम करावा असं मनात होतं. तेवढ्यात टोपीखालून बघणारे इवाई दिसले. कर्नलसाहेबांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. पण कलावंतानं प्रेक्षकाच्या एकेका चेहऱ्याकडे पाहू नये.

मग खून झाला. मधल्या डब्यात एक नट आडवा पडला आणि काळ्या जाळीची टोपी, काळे हातमोजे घातलेली त्याची विधवा त्याच्यावर कोसळून रडू लागली. रडणं चांगलं होतं, आवाजाला पल्ला होता. भोवती मोबाइल वर झाले. कोणीतरी म्हणालं, “लाइट तिच्यावर घ्या ना, रील मस्त येईल.”

माझी नशा तिथे उतरली, कोकमाची होती तरी.

11 जानेवारी 2019ला आमच्या गावात 92वं साहित्य संमेलन सुरू झालं. उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना बोलावून ते निमंत्रण मागे घेतलं गेलं होतं. महाराष्ट्रभर त्यावरून वाद. अध्यक्ष अरुणा ढेरे. आणि उद्घाटनाला उभ्या राहिल्या आमच्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी. श्याम पेठकरांनी लिहिलेल्या, हरीश इथापेंनी बसवलेल्या ‘तेरवं’ नाटकात त्या काम करत. त्या नाटकात अशाच घरांतल्या बाया रंगमंचावर उभ्या राहतात. कोणाला कार्ड वाटावं लागत नाही. मला कोणत्याही मंचावर कोणीही उभं राहिलं की संवादफेक, उच्चार, थांबे मोजायची खोड आहे, परीक्षक झालो नसलो तरी. त्या दिवशी मांडवात बसून मी काहीच मोजलं नाही. घरी आल्यावर प्रमाणपत्राची काचही बरेच दिवस पुसली नाही. कापसाच्या या जिल्ह्यात विधवेची भूमिका करायला माणसं पुण्याहून आणावी लागली आणि वर तिला हातमोजे घातले, हे मला त्या डब्यात एकाएकी सहन होईना. पोरीचा दोष नव्हता. ती तिचं काम चोख करत होती. मी प्लायवूडचं दार ढकलून खाली उतरलो.

बाहेर खुर्चीत मुलीची आजी शाल गुंडाळून बसली होती. तिला कार्ड दिलेलं नव्हतं.

“बाबू, ते बाई कायले रडून रायली?” तिनं विचारलं.

“नवरा मेला तिचा, आजी.”

आजीनं जाळीतून नीट पाहून घेतलं. “मंग इतली सजली काहून?”

नाटकातलं मला पुष्कळ कळतं, पण याला उत्तर सुचलं नाही. मी तिला दुसरी खुर्ची पायाखाली आणून दिली. खुनी कोण ते आम्हा दोघांनाही अजून ठाऊक नाही. राजकन्येवर शेवटपर्यंत संशय होता एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इवायांचा दादाला फोन आला. दादाला कमी ऐकू येतं म्हणून तो फोन मोठ्या आवाजावर ठेवतो, आणि आम्ही सगळे चहाला बसलो होतो.

“राग नोका मानू पाहुणे,” इवाई म्हणाले, “पण पोरीचा मामला हाये. तुमचे धाकले भाऊ लय घेतात काय?”

“छ्या! थेंब नाही घेत तो,” दादा म्हणाला. “काल कोकम पेला होता त्यानं.”

“मंग ते झोकांड्या?”

“नाटकात काम करते तो.”

तिकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. फोन कटला असं वाटून दादा हॅलो हॅलो करू लागला.

“कधीपासून?” इवायांनी विचारलं.

“पयलेपासूनच.”

“अरे बापा! दारू असती तं आमच्या वर्धेले आणून सोडवता तरी आली असती.”