चाच्यांची सत्ता

ट्वीट मोजून निवडणुकीचे निकाल सांगण्याची विद्या नावारूपाला आली ती जर्मनीच्या सप्टेंबर २००९च्या संसदीय निवडणुकीमुळे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी मतदानापूर्वीची सुमारे १ लाख ट्वीट संगणकाला चाळायला लावली आणि २०१० साली सांगितले की, पक्षाच्या नावाचा गजर जितका, जवळपास तितकीच त्याची मते. (तोवर सरकार बनून कित्येक महिने लोटले होते, भाकीत निकालानंतर केले की सहसा चुकत नाही.)

मोजणीत संसदेतले सहाच पक्ष होते. संशोधक आंद्रेआस युंगहेर आणि सहकाऱ्यांनी त्याच पद्धतीने पायरेट पार्टीलाही, म्हणजे चाच्यांच्या पक्षालाही, पंगतीला बसवले. सर्वाधिक उल्लेख त्याचेच निघाले. ट्विटरच्या हिशेबाने जर्मनी चाच्यांच्या हाती जायला हवी होती. प्रत्यक्षात त्यांना २ टक्के मते मिळाली, जागा एकही नाही. इंटरनेट-स्वातंत्र्यासाठी निघालेल्या पक्षाचा बोलबाला इंटरनेटवरच असणार, हे कळायला संगणक लागत नाही. शोधनिबंधाला मात्र लागतो. मोजणीचे दिवस बदलले की उत्तरही बदलते, हेही त्याच ओघात उघड झाले.

पुढे वर्षानुवर्षे देशोदेशी ट्वीट मोजली गेली. २०२३ साली ट्विटरने ही विदा फुकट देणे बंद केले.